जागेवर उभं राहून वारा पेलायचा: पॉवर काइट कसा उडवावा

बडोद्यात वाढलेल्या माणसाला पतंग शिकवावा लागत नाही. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होतो न होतो तोच डांडिया बाजारातल्या गच्च्या भरतात. किन्ना, म्हणजे पतंगाला दोरी जोडायचा दोरा, कसा बांधायचा, ढील कधी द्यायची, ठुमका कसा मारायचा, हे सात-आठ वर्षांच्या पोरालाही येतं. त्याच भरवशावर मी पहिल्यांदा पॉवर काइटची दोन हँडलं हातात घेतली. पतंग वर जाताच सवयीने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि पुढच्या क्षणी गुडघ्यांवर आपटलो. दोन्ही गुडघे सोलले. पण त्या एका हिसक्यात वाऱ्याचं वजन पहिल्यांदा कळलं, आणि तेव्हापासून पेचापेक्षा मला ही ओढच जास्त आवडते.

हा पतंग कागदाचा नसतो आणि त्याला काड्याही नसतात. कापडाचे दोन पदर, मध्ये शिवलेले कप्पे आणि पुढच्या कडेला तोंडं. त्या तोंडांतून वारा आत शिरला की सगळं फुगून विमानाच्या पंखासारखा आकार येतो. अमेरिकेतल्या डोमिना जाल्बर्ट यांनी १९६४ मध्ये ही कल्पना आणली. पुढे १९९० च्या सुमारास न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी अशा पतंगाने ओढली जाणारी तीनचाकी बग्गी लोकप्रिय केली. तेव्हापासून पुष्कळांची समजूत आहे की पॉवर काइट म्हणजे बग्गी, चाकांचा पाट किंवा समुद्रावरची उड्डाणं, आणि मैदानात जागेवर उभं राहून उडवणं ही फक्त त्याची शाळा. मला हे अजिबात पटत नाही. दोन पायांवर उभं राहून, दोन हातांत वारा धरून तासभर घालवणं हा पुरता खेळ आहे, आणि पुढे दुसरं काही केलं नाही तरी काही राहून जात नाही.

कोणता घ्यावा

पहिला पतंग दोन दोऱ्यांचा, दीड ते दोन चौरस मीटरचा घ्या. मोठ्या माणसाला हा आकार लहान वाटतो, दुकानदारही मोठा दाखवतात. हट्टाने लहानच घ्या. लहान पतंग चपळ असतो, चुकलं तर लगेच कळतं आणि माफही करतो. हात बसल्यावर चार दोऱ्यांचा तीन चौरस मीटरचा घ्यावा. त्यात वरच्या दोन दोऱ्या ओढीच्या आणि खालच्या दोन ब्रेकच्या असतात.

दोऱ्या साधारण २० ते २५ मीटरच्या, डायनिमा नावाच्या धाग्याच्या असतात. हा धागा बारीक, निसरडा आणि जवळजवळ न ताणणारा, म्हणून पतंगाची बारीकशी हालचालही थेट बोटांत येते. त्याची खोड एकच: उष्णता सोसत नाही. साधारण १५० अंश सेल्सिअसला तो वितळतो, त्यामुळे दुसरी दोरी त्यावर एकाच जागी घासली की क्षणात तुटतो. त्याला साधी गाठ मारली तरी ताकद बरीच घटते. टोकाला जाड आवरण घातलेलं कडं असतं, तेच स्वतःतून ओवून सरकफास करायचा.

मनगटपट्टी मात्र सोडू नका. हँडल हातातून सुटलं की पतंगाची ओढ मरावी, पण पतंग पळून जाऊ नये, यासाठी ती असते. ती नसेल तर पतंग घेऊच नका.

जागा आणि परवानगी

समोर, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूला, किमान १०० मीटर मोकळे हवेत. दोन्ही अंगांना पन्नास-पन्नास. विजेच्या तारा, रस्ता, झाडं, गुरं यांपैकी काहीही टप्प्यात नको. हरणी विमानतळाच्या बाजूची मैदानं सोडून द्या. पाठीमागेही मोकळं असू द्या, कारण इमारतींच्या आडचा वारा गटांगळ्या खात येतो. गच्ची तर नाहीच. गच्चीवर आपण मांज्याने हात कापून घेतो, इथे कठड्यावरून ओढले जाऊ.

एक गोष्ट मनापासून सांगतो. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. गळे कापलेल्या दुचाकीस्वारांच्या आणि पंख कापलेल्या पक्ष्यांच्या बातम्या आपण दर जानेवारीत वाचतो. पॉवर काइटच्या दोरीला काच नसते आणि ती कापण्यासाठी नसते, पण धागा कृत्रिमच आहे, आणि ताणलेला असला की माणसाच्या कातडीला तो सुरीसारखाच. म्हणून मैदानाच्या मालकाला आणि जवळच्या पोलीस चौकीत आधी दोरी दाखवा, काय करणार ते सांगा, आणि नाही म्हटलं तर ऐका. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, आणि तिच्या दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, या दिवसांत हा पतंग पिशवीतून बाहेरच काढायचा नाही. इतरांचा मांजा आपल्या दोरीवर पडला की दोरी गेलीच, आणि सुटलेल्या पतंगाखाली कोण सापडेल ते आपल्या हातात नाही.

वारा कसा बघावा

नुसती पानं सळसळत असतील तर वारा ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. दोन दोऱ्यांचा पतंग कुरकुरत उडेल, मजा येणार नाही. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, हलका झेंडा पसरून उभा असेल, तर १२ ते १९. हा शिकण्याचा वारा. धूळ आणि कागद उडायला लागले की विशीच्या पुढे गेला, आणि नवशिक्याने घरी जावं.

एवढं जपायचं कारण साधं आहे. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२ चा वारा १८ झाला, म्हणजे दीडपट झाला, की ओढ सव्वादोनपट होते. दुप्पट झाला की चौपट. पतंगाचा आकार दुप्पट केला तर ओढ फक्त दुप्पट. आपल्याला पाडतो तो पतंगाचा आकार कमी आणि झोत जास्त.

आपल्या गावासाठी मी एक खूण ठेवली आहे. थंडीत वारा बहुतेक ईशान्येकडून येतो, तेव्हा पाठ त्या बाजूच्या पावागड डोंगराकडे करून उभं राहायचं. मेअखेरीपासून पावसाळ्यात तो नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा तोंड पावागडाकडे. यातूनच वेळही ठरते. जानेवारीत संध्याकाळी पतंग नेमका मावळत्या सूर्यात जातो आणि डोळे दिपतात, म्हणून सकाळी जावं. जूनमध्ये संध्याकाळी सूर्य पाठीशी, वारा सलग, आणि समोर स्वच्छ दिवशी पावागडाची निळी आकृती. बडोद्याच्या वर्षातली याहून चांगली संध्याकाळ मला माहीत नाही. मात्र ढग काळे झाले, गार झोत आला, वीज चमकली की लगेच उतरवायचं. मे महिन्यातली दुपारही टाळा. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेने वारा कधी नाहीसा होतो, तर कधी एकदम अंगावर येतो.

मांडणी आणि छूट

पतंग वाऱ्याच्या दिशेने पुढे नेऊन पाठीवर निजवा. किन्न्याच्या दोऱ्या वर, आणि मागची कड, म्हणजे तोंडं नसलेली, तुमच्याकडे. त्या कडेवर दोन-चार मुठी वाळू किंवा माती टाका, म्हणजे वारा खाली शिरणार नाही. दोऱ्या पतंगाकडून तुमच्याकडे उलगडत या. त्यांत पीळ नाही हे डोळ्यांनी बघा, हातानेही चाचपा. डावं हँडल डाव्या दोरीलाच आहे ना, हे दोनदा तपासा. अदलाबदल झालेल्या दोऱ्यांनी माझी एक अख्खी सकाळ खाल्ली आहे.

आता वाऱ्याकडे पाठ. पाय खांद्याइतके रुंद, एक जरा पुढे, गुडघे सैल. बूट घालाच, ओल्या गवतावर चप्पल दगा देते. दोन्ही हँडलं एकदम अंगाकडे ओढत एक-दोन पावलं मागे जा. पुढची कड उठते, वाळू घरंगळते, कप्पे एकामागून एक फुगतात आणि फडफडाट अचानक थांबतो. त्या शांततेनंतर लगेच ओढ येते. पहिल्या दिवशी कुणी पतंगापाशी उभं राहून छूट देणारं, म्हणजे पतंग उचलून वाऱ्यावर सोडणारं, असेल तर बरं, पण त्याने बाजूला उभं राहावं, दोऱ्यांच्या मध्ये कधीच नाही.

हात, अंग आणि ढील

समोरच्या आकाशाचं अर्धं घड्याळ कल्पा. डोक्यावर बारा, डावीकडे जमिनीलगत नऊ, उजवीकडे तीन. या काठावर पतंगाची ओढ सर्वांत कमी असते आणि थेट समोर, वाऱ्याच्या मधोमध, सर्वांत जास्त. पहिले पाच-दहा मिनिटं पतंग बारावर ठेवायचा, एवढंच करा. डावा हात ओढला की डावीकडे वळतो, उजवा ओढला की उजवीकडे. हातांची जागा पोटासमोर, कोपरं बरगड्यांपाशी. मोटारीच्या स्टिअरिंगसारखे हात फिरवू नका, सायकलच्या हँडलसारखी पुढे-मागे हालचाल करा.

गच्चीवरचं शहाणपण इथे अर्धं उपयोगी पडतं आणि अर्धं उलटतं. आपला कागदी पतंग सैल सोडला की गरगर फिरतो आणि खेचला की नाकासमोर धावतो. पॉवर काइटही खेचल्यावरच जिवंत असतो, दोरी सैल पडली की चुरगळून खाली येतो. पण इथे फिरकी नाही. दोरी जेवढी आहे तेवढीच, मग घाबरल्यावर ढील कुठून द्यायची? पायांनी. ओढ असह्य झाली की पतंगाच्या दिशेने चालत जा. दोन-तीन पावलांनी दोऱ्यांवरचा ताण उतरतो. आपण बडोदेकर हातांनी जे करतो ते इथे पाय करतात. हे एकदा उमगलं की भीती निम्मी होते. उलट वारा पडला तर मागे चालायचं, तेच खेचणं.

अंगाचं म्हणाल तर खुर्चीवर बसायला निघाल्यासारखं मागे रेला, वजन टाचांवर. पुढे वाकलात तर पहिला झोत तोंडावर पाडेल. हँडलं कंबरेला बांधू नका, झाडाला किंवा गाडीला तर नाहीच नाही. आणि उडी मारायचा मोह आवरा. वर न्यायला वारा तयार असतो, खाली सांभाळून ठेवायला तो बांधील नाही.

खरी मजा

पतंग बारावर स्थिर राहू लागला की आडवा आठ काढायला घ्या. दहाच्या जवळून खाली सोडा, समोरून दोनकडे न्या, वर वळवा, पुन्हा समोरून दहाकडे. पतंग जितका वेगाने कापत जातो तितका त्याला लागणारा वारा वाढतो, म्हणून समोरून जाताना ओढ एकदम चढते आणि काठाला पोचताना उतरते. पहिले काही आठ हात काढतात. मग कधीतरी हात विसरायला होतं आणि कंबर काढू लागते. ओढ चढताना आपण बसत जातो, उतरताना उठतो. झोका खेळताना शरीर जसं आपोआप लय धरतं तसंच. ताणलेल्या दोऱ्या गुणगुणतात, आणि झोत आला की सूर चढतो. पुढचा झोत मला डोळ्यांआधी त्या सुरातून कळतो.

गोल फिरवण्याची भीती बाळगू नका. दोऱ्यांना चार-पाच वेढे बसले तरी डायनिमा निसरडा असल्याने पतंग ऐकतो. तितकेच वेढे उलटे फिरवून उलगडा. जमिनीपासून हातभर उंचीवरून आडवा नेणं मात्र हात पक्का झाल्यावर आणि मैदान रिकामं असतानाच. झोत अंगावर आला आणि बूट गवतावरून हातभर घसरले तर घसरू द्या, टाचा रोवून बसलेले राहा.

चार दोऱ्यांवर आल्यावर मनगटं कामाला लागतात. हँडलाचं खालचं टोक अंगाकडे वळवलं की ब्रेक. एकाच बाजूचा ब्रेक ओढला की पतंग जागच्या जागी वळतो, दोन्ही ओढले की थांबतो आणि मागे मागे उतरतो.

उतरवणं

दोन दोऱ्यांचा पतंग काठाने हळूहळू तीनकडे किंवा नऊकडे न्या. तिथे ओढ मरते, तो आपणच जमिनीला टेकतो. चार दोऱ्यांचा दोन्ही ब्रेक ओढून उतरवा आणि ब्रेकच्या दोऱ्या ताणलेल्या राहतील अशी हँडलं जमिनीत खुंटी ठोकून अडकवा. लगेच जाऊन मागच्या कडेवर वाळू टाका. पडलेला पतंग झोपलेला नसतो, एका झोतात उठून बसतो, आणि मैदानावरची पोरं तेव्हाच त्याला बघायला धावत येतात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

दोऱ्या फिरकीसारख्या एकाच दिशेला गुंडाळू नका, पीळ बसतो. दोन हँडलांवर आठच्या आकारात गुंडाळा. कप्प्यांतली वाळू तोंडं खाली करून झटका. पावसाळ्यात कापड दमट राहिलं असेल तर घरी पंख्याखाली पसरा, उन्हात नको, आणि पूर्ण सुकल्यावरच पिशवीत भरा.