पद्मिनीच्या वॉटर पंपाचं पॅकिंग घरी कापताना

आमची प्रीमियर पद्मिनी १९८६ची, वडिलांनी घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून नवी पद्मिनी यायची बंद झाली त्याला वीस वर्षं होऊन गेली. पार्ट अजून मिळतात, पण नगाला नग जुळेलच असं नाही. गेल्या मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना टेंपरेचरचा काटा एकदम वर गेला. इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या सांध्यात गळती रोखायला कागदाचं पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, असतं. त्या नव्या पॅकिंगचं एक भोक दीड मिलिमीटर सरकलेलं होतं आणि पाणी तिथूनच गळत होतं. तेव्हापासून हे पॅकिंग मी घरीच कापतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाणी काढा, पंप खोला. जुनं पॅकिंग फेकू नका. त्याची जाडी मोजायची ती बाहेर डोकावणाऱ्या, न दबलेल्या कडेवर. माझं ०.५ मिमी भरलं. तेवढ्याच जाडीची, तेल-पाण्याला टिकणारी जॉइंटिंग शीट (पॅकिंग कापायचा जाड कागद) आणा. पुण्यात मला ती नाना पेठेत मिळते. चिकटलेलं पॅकिंग पाण्याने भिजवून हलकेच खरवडा. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून कोरडं घासून धूळ उडवायची नाही.

जुने मिस्त्री शीट पार्टवर धरून गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने ठोकतात, कागद आपोआप कापला जातो. बिडाच्या पार्टवर ही पद्धत उत्तम. अ‍ॅल्युमिनियमवर मात्र अजिबात नको, कड दबली की कितीही चांगलं पॅकिंग गळणारच. तिथे मी ठसा घेतो: पंपाच्या पुसलेल्या तोंडावर बोटाने ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि पंप शीटवर सरळ दाबून सरळच उचलायचा. जरा सरकला तर ठसा फुकट, दुसरा घ्या.

कापताना भोकं आधी. बोल्टच्या मापाचा पंच घेऊन समोरासमोरची दोन भोकं पाडा, त्यांत बोल्ट घालून शीट पंपावर बसवून बघा. बरोबर बसली तरच उरलेली भोकं पाडा. मग पाण्याची वाट ब्लेडने कापा. तिथे कागदाची जीभ आत राहिली तर पाणी अडतं. बाहेरची कड अगदी शेवटी, कात्रीने. आधीच कापली तर पट्टी अरुंद होऊन पंच मारताना फाटते.

बसवताना दोन्ही बाजूंना ग्रीसचा हलका हात पुरतो. सिलिकॉन थापू नका, आत दबलेला थर सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत या. गाडी एकदा तापवून पूर्ण थंड झाली की पुन्हा पाना लावून बघा.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, मात्र घरी कापू नये. ज्वलनाचा दाब पेलायला त्यात धातूच्या कड्या असतात, नुसत्या कागदाला ते काम जमत नाही.

नवं पॅकिंग लावण्याआधी त्याची बाह्यरेषा फायलीच्या पुठ्ठ्यावर काढून ठेवा आणि शेजारी जाडी लिहा. माझे असे सात पुठ्ठे गॅरेजच्या खिळ्याला टांगलेत. गेल्या महिन्यात साताऱ्याच्या एका पद्मिनीवाल्याने त्यांतला वॉटर पंपाचा गिरवून नेला.