आमदारांना निवेदन दिलंत, आता जावक क्रमांक घ्या

बेळगाव भागातल्या मराठी विद्यार्थ्यांनो, निवेदन द्यायचं तर आधी दार बरोबर निवडा. खानापूर बेळगाव जिल्ह्यात असलं तरी लोकसभेला ते उत्तर कन्नड मतदारसंघात जातं, आणि निपाणी चिकोडीत. तरीही खानापूरची पोरं बेळगावच्या खासदारांच्या दारात ताटकळताना मी पाहिली आहेत. गटार, पथदिवे असलं काही असेल तर ग्रामसभेत बोला आणि पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) ते इतिवृत्तात लिहून घ्या. बस, रस्ता, सरकारी कॉलेजातल्या रिकाम्या जागा यासाठी आमदार. निवेदन द्यायला वयाची अठरा वर्षं लागत नाहीत, अकरावीची मुलंही देऊ शकतात.

एका पानावर एकच मागणी लिहा. आमच्या पहिल्या निवेदनात सात होत्या. चाळीस जण गेलो, हार घातला, फोटो पेपरात आला. दोन महिन्यांनी चौकशीला गेलो तर पी.ए.नी विचारलं, ‘कुठलं निवेदन?’ आमच्याकडे साधी झेरॉक्ससुद्धा नव्हती.

दुसऱ्या वेळी फक्त सकाळची बस मागितली. सहा दिवस थांब्यावर उभं राहून वहीत मांडलं: गाडी किती वाजता आली, किती जण चढले, किती जण खाली राहिले. ते पान निवेदनाला जोडलं. ‘विद्यार्थ्यांचे अतोनात हाल होत आहेत’ या वाक्याने कुणी हलत नाही, ‘मंगळवारी २३ जण मागे राहिले’ याने हलतात.

भाषेचं स्पष्ट सांगतो. निवेदन मराठीतच लिहा. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, त्यामुळे ‘मराठीत चालत नाही’ म्हणणाऱ्याला हे कलम शांतपणे दाखवा. उत्तरही मराठीत मिळेल असं मात्र त्यात नाही. खाली कन्नड प्रतही जोडा, कारण फाईल ज्याच्या टेबलावर जाणार तो कारकून कन्नड वाचतो. यात आपला हक्क सुटत नाही, काम लवकर होतं. वर्गातल्या कन्नड मित्राकडून तपासून घ्या. बस त्यालाही हवीच असते.

आता खरी अडचण. आमदार निवेदन वाचतात, मान डोलावतात आणि पी.ए.ना ‘पत्र द्या’ म्हणतात. इथेच बहुतेक जण आनंदाने घरी जातात. आम्हीही गेलो. पत्र टाईप झालं, सही झाली आणि तीन आठवडे त्याच ऑफिसच्या ट्रेमध्ये पडून राहिलं. ते पुढे पाठवणं आपल्यावाचून कुणालाच निकडीचं नव्हतं. म्हणून सही होईपर्यंत तिथेच बसा. पत्रावर जावक क्रमांक (बाहेर जाणाऱ्या पत्राचा नोंद क्रमांक) आणि तारीख पडलेली डोळ्यांनी पाहा, झेरॉक्स काढा. मूळ पत्र दोघांनी हातोहात संबंधित खात्याच्या ऑफिसात न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, म्हणजे पत्र मिळाल्याचा शिक्का, क्रमांकासह मारून घ्या. शिक्का पुसट उठला तर दुसरा मागा, संकोच करू नका. यापुढे फोनवर गाऱ्हाणं सांगत बसू नका, फक्त आवक क्रमांक सांगा. पत्र मिळालंच नाही, असं मग कुणाला म्हणता येत नाही.

महिनाभर हालचाल नसेल तर माहिती अधिकारात त्याच क्रमांकावर काय कार्यवाही झाली ते विचारा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकाच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा.

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात असतं. तेव्हा गेटवर जमण्यापेक्षा नोव्हेंबरातच आमदारांना प्रश्न लिहून द्या, कारण प्रश्नाची सूचना आधीच द्यावी लागते. अतारांकित प्रश्नालाही, म्हणजे ज्याला सभागृहात तोंडी उत्तर नसतं त्यालाही, लेखी उत्तर मिळतं, आणि ते छापील असतं.

बस सुरू झाली की वही मिटू नका. आमची गाडी दहा दिवस धावली आणि बंद पडली. पोरं पुन्हा थांब्यावर मोजायला उभी राहिली, चौथ्या दिवशी ते पान जुन्या आवक क्रमांकासह नेऊन दिलं. पुढच्या सोमवारी गाडी परत आली.