समुद्रमार्ग शिकवायचे तर आधी वारा काढा

दहावीच्या समाज विज्ञानात युरोपियनांच्या आगमनाचा धडा येतो. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली मुलं तो घोकून टाकतात: १४५३ कॉन्स्टँटिनोपल, १४९२ कोलंबस, १४९८ वास्को द गामा. परीक्षा संपली की सनावळी उडून जाते, कारण ती कशालाच बांधलेली नसते. मी मराठी माध्यमाच्या शाळेत हा विषय शिकवते. माझं ठाम मत आहे की आधी वारा शिकवावा, मग माणसं, आणि सन सगळ्यांत शेवटी. घरी आईवडिलांनाही जमेल अशी रीत सांगते.

चार ड्रॉइंग शीट खळीनं जोडा. मधोमध आफ्रिका मोठी काढा. वर पोर्तुगाल आणि स्पेन, उजवीकडे आपला पश्चिम किनारा, डावीकडे खाली ब्राझीलचा फुगवटा. बाकीची अमेरिका अजून काढू नका. पश्चिमेला गेलं की थेट आशिया लागेल असं कोलंबसाला का वाटलं, ते त्या कोऱ्या जागेकडे बघून मुलांना कळतं.

आता निळा खडू घ्या. अरबी समुद्रात आफ्रिकेकडून आपल्याकडे येणारे बाण काढा आणि शेजारी ‘जून ते सप्टेंबर’ लिहा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मात्र हा वारा एप्रिलपासूनच सुरू होतो, तेही लिहा. हाच नैर्ऋत्य वारा आमच्या तालुक्यातल्या कणकुंबीला झोडपतो, त्यामुळे आमच्या मुलांना तो वेगळा समजवावा लागत नाही. लाल खडूनं उलटे बाण: हिवाळ्यात ईशान्येकडून आफ्रिकेकडे. मग अटलांटिक. आफ्रिकेच्या वायव्येला असलेल्या कॅनरी बेटांच्या आसपास आणि खाली पश्चिमेकडे नेणारे व्यापारी वारे, बरंच वर युरोपकडे परत आणणारे पश्चिमी वारे, विषुववृत्ताखाली आग्नेयेकडून येणारे.

जहाजं म्हणून चिंचोके द्या. नियम एकच: चिंचोका बाणाच्या तोंडावर सरळ ढकलायचा नाही.

पहिला चिंचोका आफ्रिकेच्या किनाऱ्यानं खाली सरकवायला लावा. जाताना सोपं जातं, परतताना मूल अडकतं. पोर्तुगीजही तिथंच अडकले होते. १४३४ मध्ये जिल एआनेशनं आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं केप बोजादोर हे भूशिर ओलांडलं, तोवर त्यांचे खलाशी त्याच्या पुढं जायला धजत नव्हते. तोडगा असा, की परतताना किनारा सोडून खोल समुद्रात शिरायचं, मोठा वळसा घ्यायचा आणि वरचा पश्चिमी वारा गाठायचा. कॅरावेल जहाजाचं त्रिकोणी शीड इथं उपयोगी पडलं, त्यानं वाऱ्याला तिरकं घेऊन पुढं सरकता येई. १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियाशनं आफ्रिकेचं टोक ओलांडलं. दक्षिण अटलांटिकचा वळसा मुलांना नीट काढू द्या. १५०० मध्ये पोर्तुगीज काब्राल भारताकडे निघून ब्राझीलला कसा लागला, हे मग मुलंच तुम्हाला सांगतील.

कोलंबसाला फार वेळ लागत नाही. ६ सप्टेंबर १४९२ ला कॅनरी सोडली, १२ ऑक्टोबरला जमीन. परतताना आधी उत्तरेला चढला. बाण दाखवा आणि पुढं चला.

वास्कोवर मात्र थांबा. तो २४ एप्रिल १४९८ ला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून निघाला, सोबत तिथल्या राजानं दिलेला वाटाड्या होता. वारा पाठीशी होता, सुमारे २३ दिवसांत किनारा दिसला आणि २० मे ला तो कालिकतजवळ नांगरला. ही वाट अरब आणि गुजराती खलाशी शेकडो वर्षं वापरत होते, हे मुलांना इथंच ठासून सांगा. परतताना त्यानं लाल बाणाची वाट पाहिली नाही. कारवारच्या दक्षिणेला असलेल्या अंजदीव बेटावर जहाजं दुरुस्त केली आणि ५ ऑक्टोबरला तो निघाला. वारा पडलेला किंवा उलटा. आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी उजाडली. ताज्या अन्नाअभावी हिरड्या सुजल्या, स्कर्व्हीनं माणसं पटापट मेली. जहाजं चालवायला माणसं पुरेनात, म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं. निळ्या बाणावर २३ चिंचोके आणि परतीच्या वाटेवर ८९ मांडायला लावा, एक चिंचोका म्हणजे एक दिवस. मी वर्गात हे करते तेव्हा मुलं मोजता मोजता गप्प होतात.

मॅगेलनसाठी कागद पुरत नाही, पृथ्वीगोल किंवा चेंडू आणि दोरा लागतो. १५१९ मध्ये स्पेनहून त्याच्यासोबत पाच जहाजं आणि सुमारे २७० माणसं निघाली. २७ एप्रिल १५२१ ला मॅगेलन फिलिपिन्समध्ये मॅक्टानला मारला गेला. सप्टेंबर १५२२ मध्ये त्याचा साथीदार एल्कानो ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज घेऊन परतला, तेव्हा जहाजावर १८ जण उरले होते. वाटेत केप व्हर्दे बेटांवर त्यांना कळलं की आपण ज्याला बुधवार म्हणतो तो इथं गुरुवार आहे. पृथ्वीला पश्चिमेकडून फेरी घातली की एक दिवस कमी भरतो. हे दोरा हातात देऊनच दाखवा.

नकाशावर काळा खडूही लागतो, तो टाळू नका. १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागोशला आफ्रिकेतून पकडून आणलेली २३५ माणसं उतरवून वाटून टाकली. १५०२ मध्ये वास्कोनं हज यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं. पंधरा वर्षांच्या मुलांपासून हे लपवायचं कारण नाही.

मग आपल्या घाटापाशी या. नोव्हेंबर १५१० मध्ये पोर्तुगीज अल्बुकर्कनं विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला, आणि बेळगाव पुढं त्याच आदिलशाहीचं सरहद्दीवरचं ठाणं होतं. आता अमेरिका काढा. तिच्यावर संकेश्वरी मिरची, रताळं, बटाटा, काजू, निपाणीच्या तंबाखूचं पान ठेवा आणि एकेक जिन्नस बेळगावपर्यंत सरकवा. ही सगळी पिकं मूळची तिकडची. तंबाखू विजापुरात लवकर रुजली. अकबराचा वकील असद बेग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापुरातूनच ती मोगल दरबारात घेऊन गेला.

सनांच्या चिठ्ठ्या आता द्या, मिसळून. प्रत्येक चिठ्ठी मुलानं जागेवर ठेवायची आणि कारण सांगायचं. चुकलं तर सन सांगू नका, बाणावर बोट ठेवून विचारा: मालिंदीहून वास्को एप्रिलमध्येच का निघाला?