उन्हाळ्याच्या तोंडावर नान्नजच्या माळावर पक्षी आणि रानफुलं कशी पाहावीत

आधी एक अपेक्षा सोडा: माळढोक पक्षी दिसेल ही. १९७९ साली अभयारण्य त्याच्यासाठीच झालं, पण आता त्याचं दर्शन फार दुर्मीळ. दिवस आखायचा तो काळवीट आणि धाविक, पखुर्डी, चंडोल या जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांसाठी.

नान्नज सोलापूरहून बार्शी रस्त्याला साधारण २० किलोमीटर. परवानगी, शुल्क आणि वाटाड्या यांची चौकशी वन विभागाकडे आदल्या दिवशीच करा. मार्चच्या मध्यात सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो. त्याआधी माळावर पोचा. साडेनवानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि लांबचा पक्षी दुर्बिणीत नुसता डाग होतो. महागड्या दुर्बिणीनेही हे टळत नाही. ८ × ४२ ची, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची पुरे. १० पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही वाढलेला दिसतो.

पाणी माणशी ३ लिटर. कपडे मातकट रंगाचे, पांढरा सदरा नको. बूट आणि जाड पँट हवीच, कारण कुसळं मोज्यात शिरली की ओल लागताच पीळ बदलत आत घुसत राहतात. दगड उलटायला जाऊ नका, खाली फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं.

माळावर चालत सुटलात की पक्षी तुमच्या पुढे पुढे उडत राहतात. शंभरेक पावलं चाला, मग दहा मिनिटं गप्प उभे राहा. धाविक मातीत मिसळून जातो. तो चार पावलं पळतो, थबकतो, वाकून किडा टिपतो. म्हणून पक्षी शोधू नका, हालचाल शोधा. डोंबारी चंडोलाचा नर सापडायला सोपा: काळं पोट, सरळ वर चढतो आणि पंख मिटून शीळ घालत खाली कोसळतो, जमिनीला टेकायच्या आत सावरतो. गाडीतूनच पाहायला मिळालं तर उत्तम, माणसापेक्षा गाडीला पक्षी कमी बुजतात. मात्र चाकोरी सोडून गाडी गवतात घालू नका.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर अंडी जवळ आहेत. ती उघड्या जमिनीवर असतात, खड्यांसारखी. आल्या पावलीच मागे फिरा. तुम्ही उभे असेपर्यंत अंड्यांवर सावली धरायला कोणी नसतं आणि ऊन त्यांना भाजून काढतं. पोटाची पिसं पाण्यात भिजवून ती अंड्यांवर बसणारी ही पाखरं, फोटोपायी त्यांचा खेळ होऊ नये.

आता फुलं. जमिनीवरचा बहर भाद्रपद-आश्विनातच ओसरलेला असतो. या दिवसांत बघायची ती काट्याकुट्यांतली: नेपतीची तांबडी फुलं, उंटकटाऱ्याचे निळसर गोंडे, भुईरिंगणी, पिवळा धोत्रा, तरवड. बांधावरचा फुललेला पळस दिसला की तिथे अर्धा तास काढा. शिंजीर, बुलबुल, साळुंक्या येतातच, आणि परतीच्या वाटेवरच्या भोरड्यांचा (स्थलांतर करणाऱ्या गुलाबी मैनांचा) थवा उतरला तर अख्खं झाड कलकलाटाने भरतं. फूल ओळखता न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नुसत्या पाकळ्यांचा फोटो. पान पुढून-मागून, खोड आणि पूर्ण झुडूप, एवढे फोटो घ्या. तोडू नका.

दुपार सावलीत काढा. संध्याकाळी सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर जायचं असेल तर पश्चिमेच्या काठावर, ऊन पाठीशी घेऊन उभे राहा. नाहीतर चिखलातले सगळे पक्षी काळेच दिसतात.