शिक्षकांना तंत्रज्ञान शिकवताय? मग या चुका टाळा

परवाच्या शिक्षण परिषदेत पुन्हा तेच बघितलं. चाळीसेक शिक्षक बसलेत, पुढे एक तंत्रस्नेही सर लॅपटॉप घेऊन उभे, भराभर क्लिक चाललंय, हे बघा इथे दाबलं की हे उघडतं, मग इथे जायचं, मग सेव्ह, झालं, किती सोपं आहे बघा. आणि मागच्या तीन रांगांमध्ये कुणी पोषण आहाराची माहिती भरतंय, कुणी नुसतंच भिंतीकडे बघतंय. ते सर मनापासून शिकवत होते, अभ्यासही भरपूर होता त्यांचा, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि २०१६ पासून सुलभक म्हणून, म्हणजे इतर शिक्षकांना शिकवणारी म्हणून, त्यांचं ट्रेनिंगही घेते. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचा जीआर आला २२ जून २०१५ ला, त्यानंतर तंत्रस्नेही, म्हणजे तंत्रज्ञान सहज वापरणारा शिक्षक, हा शब्द सगळीकडे झाला, शाळाशाळांत लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर आले. वस्तू आल्या पण त्या वापरायला शिकवणारे आपण लोक अजून त्याच त्याच चुका करतोय, म्हणून हे लिहितेय. नवीन सुलभकांनी तर नक्की वाचा.

माउस तुमच्याच हातात राहतो

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मी स्वतः केलीय म्हणून सविस्तर सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं होतं, मोबाईलची स्क्रीन टीव्हीवर कशी घ्यायची, व्हिडिओ डाउनलोड करून वर्गात कसा दाखवायचा, छोटी चाचणी कशी बनवायची असं सगळं. सगळं मी करून दाखवलं. पहिल्या बाकावर एक बाई होत्या, रिटायरमेंटला पाच वर्षं राहिलेली, त्यांनी एक शब्द सोडला नाही, दोनशे पानी वही अर्धी भरली. जाताना म्हणाल्या मॅडम, आज पहिल्यांदा सगळं समजलं. मी खूश.

महिन्याभराने त्यांच्या शाळेत गेले. द्विशिक्षकी शाळा, गावाने वर्गणी काढून दिलेला टीव्ही भिंतीवर, त्याच्यावर क्रोशाचं कव्हर. विचारलं वापरला का, तर बाईंनी गप वही आणून दिली. पान उघडलं. सुंदर अक्षरात लिहिलेलं, "१) निळ्या गोलावर दाबणे. २) उजवीकडे तीन टिंबे. ३) खालून दुसरे." आणि म्हणाल्या, "मॅडम, तो निळा गोलच गेला हो."

अ‍ॅप अपडेट झालं होतं, आयकॉन बदलला होता. बस. दोन दिवसांचं ट्रेनिंग एका आयकॉनबरोबर गेलं. बाईंनी माझ्या हाताच्या हालचाली लिहून घेतल्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या हाताने एकदाही काही केलं नव्हतं, कारण मी करूच दिलं नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि हात पाठीमागे घेतले. फोन त्यांच्या हातात. चाळीस मिनिटं लागली. मध्ये दोनदा चुकून कॅमेरा चालू झाला, एकदा मुलाला फोन लागला, एकदा त्या म्हणाल्या तुम्हीच करा ना, मुलं बघतायत. मी हात पुढे केले नाहीत. शेवटी टीव्हीवर त्यांच्या फोनची स्क्रीन आली तेव्हा दुसरीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. दुसऱ्या आठवड्यात बाईंचा व्हॉइस मेसेज आला, एकटीने लावला म्हणून.

तेव्हापासून माझ्या ट्रेनिंगचा नियम आहे, सुलभकाने समोरच्याच्या फोनला किंवा माउसला हात लावायचा नाही. तोंडाने सांगा, बोटाने दाखवा, थांबा. जोड्या बनवायच्या, ज्याला येतं त्याच्या हातात फोन द्यायचा नाही, ज्याला येत नाही त्याच्या हातात द्यायचा. वेळ जातो, माहितीये. पाच अ‍ॅप शिकवायची होती आणि एकच होतं. होऊ दे एकच. आणि वहीत रंग आणि टिंबं लिहून घ्यायला लावू नका, "स्क्रीन टीव्हीवर पाठवायचं बटण शोधणे" असं कशासाठी ते लिहायला सांगा, म्हणजे आयकॉन बदलला तरी माणूस शोधू शकतो.

तरुण शिक्षकांना इथे एक विनंती. तुम्हाला पटकन जमतं म्हणून शेजारच्या सरांचा फोन ओढून घेऊन "द्या मी करून देतो" म्हणता ना, ती मदत नसते. त्या सरांनी आज शिकायचं होतं ते तुम्ही घेऊन गेलात.

नेट असेलच असं धरून चालणं

घाटमाथ्यावरच्या एका केंद्रात ट्रेनिंग होतं. सकाळी दहाला पहिलाच तास, सगळ्यांनी दीक्षा हे सरकारचं अभ्याससाहित्याचं अ‍ॅप डाउनलोड करा म्हणून सांगितलं. साठ फोन, एक टॉवर, तोही डोंगराच्या पलीकडे. साडेअकरा वाजले तरी निम्म्या फोनवर गोल गोल फिरतंय, काही शिक्षक अंगणात, काही पाण्याच्या टाकीवर चढलेले, आणि ज्यांचं झालं ते कंटाळून बसलेले. उरलेल्यांची स्टोरेज फुल, गुड मॉर्निंगचे फोटो डिलीट करत बसले. दुपारपर्यंत हाती शून्य. हे तंत्रज्ञान आपल्या शाळेत चालत नाही, हाच धडा त्या दिवशी साठ जण घेऊन गेले, आणि तो मी दिला.

आता मी नेट नाहीच असं धरून तयारी करते. दीक्षावरचं साहित्य घरी वायफायवर अ‍ॅपमध्ये आधीच उतरवून ठेवायचं, ते नंतर ऑफलाइन चालतं. बाकीचे व्हिडिओ दोन पेनड्राइव्हवर, टीव्हीला थेट लावता येतात. पेनड्राइव्ह फोनला जोडायची ओटीजी केबल, लॅपटॉप टीव्हीला जोडायची एचडीएमआय केबल, लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड माझ्या पिशवीत कायम. अ‍ॅप इन्स्टॉल करून यायचं हे चार दिवस आधी ग्रुपवर सांगते आणि प्रत्येकाकडून स्क्रीनशॉट मागते, नुसता अंगठा चालत नाही.

याच्यातच एक छोटी गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड झिजला, फाटला, पोराने त्याच्यावर मिशा काढल्या की स्कॅन होत नाही आणि शिक्षक सोडून देतात. त्या कोडच्या खाली सहा अक्षरी-अंकी कोड छापलेला असतो. तो दीक्षामध्ये टाइप करा, तोच धडा उघडतो. आणि स्कॅन करताना दीक्षा अ‍ॅपच्या आतूनच करा.

आधी अ‍ॅप, मग पाठ शोधायचा

पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्यासाठी ओळखले जाणारे परितेवाडीचे डिसले गुरुजी, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, सगळ्यांना अभिमान वाटला, मलाही. पण त्यानंतर आमच्याकडे क्यूआर कोड बनवायचं एवढं वेड आलं की वर्गाच्या भिंती, कपाटं, झाडं, सगळीकडे कोड चिकटवले. स्कॅन केलं की काय उघडायचं, तर कुठलातरी दहा मिनिटांचा व्हिडिओ, जो त्या शिक्षकाने स्वतः पूर्ण बघितलेला नसायचा.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये टीपॅक मांडलं, म्हणजे शिक्षकाला काय काय यायला हवं याची एक चौकट, बऱ्याच जणांनी बीएडला ते वाचलं असेल. तीन वर्तुळं, विषयाचं ज्ञान, शिकवायच्या पद्धतीचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान, आणि खरं काम जिथे तिन्ही एकमेकांवर येतात तिथे. आपली ट्रेनिंग फक्त तिसऱ्या वर्तुळात फिरत राहतात. म्हणून मी आता शिक्षकांना पुस्तक घेऊन यायला सांगते. पुढच्या आठवड्यात जो पाठ घेणार आहात तो उघडा, मुलं दरवर्षी कुठे अडकतात तिथे पेन्सिलने खूण करा. खूण झाल्याशिवाय फोन काढायचा नाही.

एक उदाहरण देते. आठवीला धाराविद्युत आहे. एका सरांनी खूण केली एकसर आणि समांतर जोडणीवर, मुलं आकृती पाठ करतात पण फरक कळत नाही. मग आम्ही फेटचं सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचा प्रयोग, घेतलं, हा कोलोरॅडो विद्यापीठातला प्रकल्प, भौतिकीचे नोबेल मिळालेले कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला, मोफत आहे, बरीच सिम्युलेशन मराठीत आहेत आणि फाइल उतरवून ठेवली की नेट लागत नाही. वायरीतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, जे खऱ्या वायरीत कधीच दिसणार नाहीत, म्हणजे इथे स्क्रीनचा खरंच उपयोग आहे.

सरांनी वर्गात पहिल्यांदा काय केलं, दोन बल्ब एकसर जोडले, एक काढला, दुसरा विझला, बघितलंत ना? हो सर. पाच मिनिटांत संपलं. मी मागे बसले होते, पुढच्या तुकडीला त्यांना एवढंच सांगितलं की बटण दाबायच्या आधी थांबा. त्यांनी विचारलं एक बल्ब काढला तर दुसऱ्याचं काय होईल, वहीत लिहा, खोडायचं नाही. अर्ध्या मुलांनी लिहिलं दुसरा जास्त पेटेल, कारण आता सगळी वीज त्यालाच मिळणार. विझल्यावर वर्गात जो गोंधळ झाला! एक मुलगी उठून म्हणाली सर, वाट तुटली ना मग वीज जाईल कुठून. मग समांतर जोडणी, पुन्हा अंदाज, पुन्हा वाद. त्याच सिम्युलेशनवर पस्तीस मिनिटं गेली आणि शेवटी सरांनी खरा सेल आणि बल्ब आणून तेच करून दाखवलं.

थांबून अंदाज घेणं हे ट्रेनिंगमध्ये शिकवा. बटण कुठे आहे ते सापडतंच माणसाला.

बाकीच्या, थोडक्यात

कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका मोबाईलवर पाठवली की तिकडे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, आणि समोरच्याला वाटतं फोन बिघडला. युनिकोडमध्येच, म्हणजे जे प्रत्येक फोनवर वाचता येतं त्यातच, टाइप करायला शिकवा. टायपिंग येत नसेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलायचं आणि मग चुका दुरुस्त करायच्या, वयस्कर शिक्षकांना हे फार आवडतं.

लॉगिन करताना मोबाईल नंबर मुलाचा दिलेला असतो आणि मुलगा पुण्याला कंपनीत, ओटीपी तिकडे जातो, मुलगा मीटिंगमध्ये. नंबर स्वतःचाच घ्या, आणि हे ट्रेनिंगच्या आदल्या दिवशी तपासा.

लॅपटॉप टीव्हीला जोडला, चित्र येतं पण आवाज लॅपटॉपमधूनच येतो. खाली कोपऱ्यात स्पीकरवर क्लिक करून आउटपुट टीव्ही निवडा. चित्रच येत नसेल तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट.

खिडकीचा उजेड थेट पडतो त्या भिंतीवर प्रोजेक्टर मारू नका. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग उपटू नका.

स्लाइडवर अख्खा परिच्छेद चिकटवू नका. शेवटच्या बाकावर जाऊन स्वतः वाचून बघा.

मुलांचे फोटो, जन्मतारखा, आधार नंबर कुठल्याही नवीन अ‍ॅपमध्ये भरू नका, भरायला लावू नका. यात माझ्याकडे सूट नाही.

प्रमाणपत्र मिळालं की ट्रेनिंग संपलं

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या प्रशिक्षणासाठी द्यावेत असं आहे. चांगली गोष्ट आहे. पण ते तास भरायला व्हिडिओ म्यूट करून चालू ठेवायचा, भाजी निवडायची, आणि शेवटच्या चाचणीची उत्तरं ग्रुपवरून घ्यायची, हे मी बघितलंय. मला राग येतो. कामाचा बोजा आहे हे मान्य, मीही त्याच शाळेत आहे, पण आपलीच मुलं हे करताना सापडली तर आपण काय बोलतो त्यांना?

सुलभकांचीही चूक आहे, आपणही उपस्थितीपत्रकावर सह्या घेतल्या की विषय बंद करतो. मी एक सवय लावून घेतलीय, पंधराव्या दिवशी प्रत्येकाला फोन करते, जमेल तिथे शाळेत जाते. दोनच प्रश्न, कुठल्या पाठाला वापरलं आणि कुठे अडलं. न वापरणाऱ्याला बोलत नाही, फक्त दुसरा प्रश्न पुन्हा विचारते, मग खरं कारण निघतं, कपाटाची चावी मुख्याध्यापकांकडे असते, बोर्डाची पिन बसत नाही, वीजबिल थकल्यामुळे लाइट तोडलीय. ते सगळं वहीत लिहून ठेवते आणि पुढच्या ट्रेनिंगची सुरुवात त्या यादीतून करते. मागच्या वेळी बारापैकी सात जण टीव्हीतून आवाज येत नाही इथेच थांबले होते, म्हणून या वेळी पहिला तास फक्त आवाजाचा घेतला.