रिपीटर बहिरा झालाय? आधी डुप्लेक्सरपासून हात लांब ठेवा

हॅम रेडिओचा रिपीटर म्हणजे क्षीण सिग्नल ऐकून तोच जोरात पुन्हा पाठवणारा उंचावरचा सेट. त्याला ऐकू येईनासं झालं की आमची पोरं पहिल्यांदा डुप्लेक्सरच्या (एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणाऱ्या फिल्टरच्या) ट्यूनिंगच्या दांड्या फिरवायला धावतात. कृपा करून तसं करू नका. एकदा हललेलं ट्यूनिंग फिल्टर मोजायच्या यंत्राशिवाय, म्हणजे नेटवर्क अ‍ॅनलायझरशिवाय जागेवर येत नाही, आणि दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं.

मी लातूरला तंत्रनिकेतनात शिकवते आणि बालाघाटच्या डोंगरावरच्या आमच्या रिपीटरची देखभाल करते. डोंगर चढण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: त्रास घरचा (आपल्याच ट्रान्समीटरमुळे होणारा) की बाहेरचा?

समजा, रिपीटर 145.100 मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि 145.700 वर बोलतो. मध्ये अंतर फक्त 600 किलोहर्ट्झ. एकाच अँटेनावर 25 वॅटचा ट्रान्समीटर आणि मायक्रोव्होल्टच्या अंशावर कान लावून बसलेला रिसीव्हर. लांबच्या गावातल्या मित्राला हँडहेल्डवर कमी पॉवरने बोलायला सांगा, इतकं की आवाज खरखरीतून जेमतेम कळावा. ट्रान्समीटर बंद ठेवून रिसीव्हरच्या स्पीकरवर ऐका, मग ट्रान्समीटर चालू करा. आवाज बुडाला तर त्रास घरचा. फरक पडला नाही तर बाहेरचा. क्षीण सिग्नलवर रिपीटर खटाखट उघडझाप करत असेल तर तेही बहुधा घरच्याच दुखण्याचं लक्षण. जवळच्या दणदणीत सिग्नलवर ही चाचणी करण्यात अर्थ नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जे झालं, तसं पुन्हा झालं तर हाक येईल ती असल्याच क्षीण हँडहेल्डवरून.

घरचं दुखणं निघालं की डुप्लेक्सरच्या अँटेनाच्या तोंडाला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा आणि सिग्नल जनरेटरचा क्षीण सिग्नल टी-कपलरमधून रिसीव्हरला द्या. आता ठीक ऐकू आलं तर दोष अँटेना, फीडर किंवा टॉवरवरच्या गंजलेल्या क्लॅम्पमध्ये. पावसाळ्यानंतर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का, ते आधी बघा. तरीही बुडालं तर डब्यातल्या जंपर केबल एकेक करून हलवत ऐका. फॉइलवर एकच जाळी असलेली केबल इथे वापरू नका. दोन धातूंच्या घासण्यातून खरखर जन्मते. दुहेरी जाळीची आरजी-214 लावा.

दुपारीच बिघडतो आणि रात्री बरा होतो, असं असेल तर उन्हाचा संशय घ्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42-43 च्या घरात जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. कॅव्हिटीचा (डुप्लेक्सरमधल्या धातूच्या नळकांड्याचा) आतला दांडा नुसत्या तांब्याचा असेल तर 20 अंशांच्या वाढीने तो लांबतो आणि त्याची फ्रीक्वेन्सी सुमारे 50 किलोहर्ट्झ खाली घसरते. इन्व्हारचा (उष्णतेने फारसा न लांबणाऱ्या मिश्रधातूचा) दांडा असेल तर घसरण फारच कमी. ट्यूनिंग करायचंच झालं तर डुप्लेक्सर नेहमीच्या तापमानाला आल्यावर करा, आणि खोलीला आधी सावली द्या. सावलीसारखा स्वस्त उपाय दुसरा नाही.

सीटीसीएसएस टोन (हा बारीक सूर सिग्नलसोबत आला तरच रिपीटर उघडतो) लावला की खरखर ऐकू येत नाही, पण ती रिसीव्हरमध्ये असतेच आणि क्षीण सिग्नल गिळत राहते. टोन जरूर लावा, पण त्याला इलाज समजू नका.

बाहेरचा त्रास असेल तर खोलीतला सोलर चार्जर, एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) आणि एलईडी दिवा बंद करून सगळं नुसत्या बॅटरीवर चालवा. नंतर लोडशेडिंगची वाट बघा: लाईन गेली आणि 100 हर्ट्झची गुणगुण थांबली तर जवळच्या 11 केव्ही लाईनवर कुठेतरी ठिणगी उडतेय. पाऊस पडल्यावर ती बऱ्याचदा गप्प होते. सेकंदाला साधारण एक टक् असा ठोका येत असेल तर शेतातलं रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन. तारेला गवत टेकलं की तिथे ठिणगी पडते.

अनोळखी बोलणं मध्येच घुसत असेल तर ते दोन सेटचं मिश्रण असू शकतं. उदाहरणार्थ, 150.0 मेगाहर्ट्झच्या दुपटीतून 154.9 वजा केले की बरोबर 145.1 उरतात, म्हणजे आपण ऐकतो तीच फ्रीक्वेन्सी. रिसीव्हरच्या आधी सिग्नल कमी करणारा 3 डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावा. घुसखोर 9 डीबीने घटला तर मिश्रण रिसीव्हरमध्येच होतंय, फिल्टर बसवा. फक्त 3 डीबीने घटला तर ते बाहेरूनच तयार होऊन येतंय.

बाहेरचा उगम शोधायला छोटी यागी (एका दिशेला जास्त ऐकणारी अँटेना) घेऊन एएम मोडवर चाला, एफएमचा लिमिटर सिग्नलच्या जोराचे चढउतार लपवतो. झटका मशीन निघालं तर शेतकऱ्याला तारेखालचं गवत काढायला सांगा. त्याचा झटकाही वाया जायचा थांबेल. खांब सापडला तर त्याचा नंबर लिहून लाईनमनला द्या, स्वतः त्याला हात लावू नका.