पाला जाळू नका: मे हीटच्या तोंडावर केळी बागायतदारांसाठी

एप्रिलचा दुसरा आठवडा चालू आहे आणि जळगाव जिल्ह्याच्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात संध्याकाळी बांधाबांधावर धूर दिसतोय. केळीची वाळकी पानं कापायची, ओढत बांधावर न्यायची, ढीग घालायचा आणि काडी लावायची. बाग कशी चकाचक! दरवर्षी हेच चालतं. आणि मेचा दुसरा-तिसरा आठवडा आला की याच बागांमधून फोन येतात: पानं करपली, घड सटकायला लागले, झाडं मधूनच मोडताहेत, आता काय फवारू?

जे फवारून मिळणार नाही ते तुम्ही एप्रिलमध्ये जाळून टाकलंत. फोनवर हे बोलवत नाही, म्हणून आत्ताच लिहितो. मे हीट, म्हणजे मे महिन्यातलं केळी भाजून काढणारं कडक ऊन, सुरू व्हायला अजून थोडे दिवस हातात आहेत. या आठवड्यात दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, पण पाला बागेतच राहू द्या.

कारण समजून घ्या. जळगाव ४४ अंश, भुसावळ ४५ अंश असा जो आकडा तुम्ही बातम्यांत ऐकता, तो जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेल्या तापमापीचा असतो. तुमच्या केळीची मुळं त्या पेटीत नाहीत. आपली काळी जमीन उघडी असेल तर दुपारी दोनला तिचा वरचा थर पन्नाशी सहज ओलांडतो. केळीची बहुतेक मुळं वरच्या फूट-सव्वा फुटात असतात आणि अन्नपाणी ओढणारी पांढरी मुळं तर त्याहून वर, पार वीतभर खोलीवर. पान वरून पाणी सोडतंय आणि खाली मुळं भाजताहेत. अशा वेळी ड्रीप चार तास चालवा की सहा तास, झाडाला ते पाणी उचलताच येत नाही. मग पान करपतं, बुंधा ढिला पडतो, घडाचा दांडा सुकतो आणि निसवलेला (झाडातून बाहेर पडलेला) घड वजनाने खाली येतो. वर्षभराचा खर्च घातलेला घड, काढणीला जेमतेम महिना उरलेला!

खात्री करायची असेल तर दुपारी अडीचला बागेत जा. उघड्या जागी मातीत बोट खुपसा. मग जिथे चार बोटं जाड पाला पडलाय तिथे पाला सारून खुपसा. पहिल्या जागी बोट ठेववत नाही, दुसऱ्या जागी माती ओलसर लागते आणि गांडूळही दिसेल. आणखी एक करा. उन्हात पडलेल्या लॅटरलच्या (ड्रीपच्या बारीक नळीच्या) शेवटच्या ड्रीपरखाली, मोटर सुरू होताच, तळहात धरा. पहिलं पाणी चहाइतकं गरम येतं आणि ते थेट मुळावर पडतं. नळी पाल्याखाली घेतली की हा प्रकार थांबतो.

आच्छादन कसं करायचं:

- केळीची वाळकी पानं, गव्हाचा किंवा हरभऱ्याचा भुसा, सोयाबीनचं काड, उसाचं पाचट, जे हाताशी असेल ते. सरमाड जनावरांना लागतं, ते टाकू नका.
- थर ४ ते ५ इंच. पातळ पसरलेला पाला वाऱ्याने उडतो आणि उपयोग शून्य.
- बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी.
- आधी पाणी द्या, ओल असताना पाला पसरा. कोरड्या जमिनीवर पसरलेला पाला फक्त कोरडेपणा झाकतो.
- कापलेल्या खोडांचे तुकडे तसेच टाकू नका, उभे चिरून टाका. अख्ख्या तुकड्यात सोंडकिडा मुक्काम करतो.
- बांधालगत चार-पाच फुटांचा पट्टा पूर्ण मोकळा ठेवा, म्हणजे शेजारच्या बांधावरची आग आत येणार नाही. बागेत बिडी-सिगारेट बंद. मोटरच्या पेटीभोवती आणि लोंबत्या तारांखाली पाला नको.
- दर आठवड्याला एकदा लॅटरल उचलून बघा. पाल्याखाली उंदीर नळ्या कुरतडतात.

हमखास येणारी शंका: "भाऊ, पाल्यात करपा असतो, तो बागेत ठेवून रोग वाढवायचा का?" शंका रास्त आहे. सिगाटोका करप्याने (पानं करपवणाऱ्या बुरशीच्या रोगाने) भरलेली पानं कापून बाहेर काढावीत ही शिफारस आहे आणि ती बरोबरच आहे. ती पानं खड्ड्यात टाका, वर शेण-माती घाला, खत होईल. पण एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात करप्याचा फैलाव फारसा होत नाही, त्याला पानावर ओल लागते. तेव्हा दोन-चार रोगट पानांच्या नावाखाली शंभर चांगली वाळकी पानं जाळायची, याला रोगनियंत्रण म्हणत नाहीत. ती सवय आहे, दुसरं काही नाही.

आता बाटल्यांबद्दल. उन्हाळा तापला की दुकानाच्या काउंटरवर रंगीत बाटल्यांची रांग लागते: कुठे ताण कमी करणारं टॉनिक, कुठे सिलिकॉन, कुठे समुद्री शेवाळाचा अर्क, कुठे अमिनो. युरिया घ्यायला गेलात तर सोबत एक बाटली गळ्यात मारतात, लिंकिंग हा शब्द कुणाला नवा नाही. यातलं सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही. काही अर्कांचा उपयोग होतो, पण तो ज्या झाडाची मुळं जिवंत आहेत त्यालाच. खाली जमीन भाजत असताना वरून हजार रुपये लिटरचं पाणी मारून काय होणार? बागायतदार फवारणीवर एकरी दोन-तीन हजार घालवतो आणि त्याच बांधावर फुकटचा पाला पेटवतो, हे बघवत नाही. घ्यायचीच असेल तर लेबल वाचा, पक्कं बिल घ्या. अशी जैव-उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणली आहेत. बाटलीवर घटक आणि मात्रा छापलेली नसेल तर परत ठेवा. 'पक्क्या बिलावर मिळणार नाही' असं दुकानदार म्हणाला तर तिथेच विषय संपला.

फवारायचंच असेल तर हे दोनच पुरेत:

- केओलिन (पांढऱ्या मातीची बारीक पूड) ८ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात ८०० ग्रॅम. पानावर पांढरा थर बसतो, ऊन परतवतो, बाष्पीभवन कमी होतं. पंपात सतत ढवळत राहा, नाहीतर तळाला बसतं आणि नोझल चोंदतं. दुसऱ्या कशात मिसळू नका.
- पोटॅशियम नायट्रेट (१३:०:४५) १ टक्का, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम.

दोन्ही सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. करप्यासाठी बुरशीनाशकात मिनरल ऑइल घालून फवारायची सवय असलेल्यांनी या दिवसांत ते डबे बंदच ठेवावेत. चाळीसच्या वरच्या उन्हात तेल पान जाळतं आणि मग तो करपा की तेलाचा चटका यावर वाद घालत बसावं लागतं.

पाणी. मोठ्या झाडाला मेमध्ये दिवसाला १८ ते २२ लिटर लागतं. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर असतील तर अडीच तासांत २० लिटर होतात, जास्त चालवून बोअर उपसू नका. हे पाणी एकदम न देता दोन हप्त्यांत द्या: पहाटे आणि सूर्य कलल्यावर. थ्री फेज लाइट रात्रीचीच असेल तर रात्रीच द्या, रात्रीचं पाणी केळीला चांगलंच. भर दुपारी पाटाने पाणी सोडू नका. तापलेल्या जमिनीत पाणी साचलं की मुळांचा श्वास कोंडतो.

एक माझा ठोकताळा, याला विद्यापीठाची शिफारस नाही. दुपारी केळीचं पान मधल्या शिरेवर मिटून दोन्ही बाजूंनी खाली पडतं, ते झाड स्वतःला वाचवतंय, घाबरू नका. पण सकाळी सातलाही पान तसंच मिटलेलं दिसलं तर पाणी वाढवू नका, कुदळीने मुळं उकरून बघा. बहुतेक वेळा ती तपकिरी पडलेली असतात. दुसरा ठोकताळा: रात्री अकराला घराच्या भिंतीला हात लावल्यावर ऊब लागली तर पहाटेचं पाणी तासभर आधी सुरू करा.

भिंतीवरून पारावरचा वाद आठवला. दर उन्हाळ्यात तोच वाद. एक अप्पा म्हणतात, "हवामान बदल-बिदल काही नाही, आमच्या लहानपणीही भुसावळात असंच तापायचं." तरुण पोरं म्हणतात, "झाडं तोडली, धुराडी वाढली, त्याचे हे भोग." अप्पांचं अर्धं खरं आहे. दिवसाचा पारा या भागाला नवा नाही. पण हवामान खात्याच्या नोंदी काय सांगतात तेही ऐका. १९०१ पासूनच्या नोंदींत, दिवसाच्या सरासरी कमाल पाऱ्याने पाहिलं तर, देशातला सगळ्यात तापलेला मार्च २०२२ चा, सगळ्यात तापलेला फेब्रुवारी २०२३ चा, आणि एकूण सरासरीने सगळ्यात उष्ण वर्ष २०२४. म्हणजे ऊन आता आधी येतं आणि जास्त दिवस राहतं. रात्रीही पूर्वीसारख्या उतरत नाहीत. केळीला खरा मार तिथे बसतो. दिवसभरात तयार केलेलं अन्न गरम रात्री झाड स्वतःच्या श्वसनातच खर्च करून टाकतं, घडाला काय उरणार?

मग २०२५ चा मे आला. ऊन राहिलं बाजूला, महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झोडपत राहिला आणि मान्सूनही मेअखेरच राज्यात दाखल झाला. पारावर अप्पा जिंकले. पाला जाळणारेही त्या वर्षी शहाणे ठरले, आणि तीच मोठी अडचण आहे. एक मे पावसात गेला म्हणून पुढचा तसाच जाईल हे कुणी सांगावं? हवामान बदललंय की नाही याचा निकाल पारावर लावत बसा, माझी हरकत नाही. जगातला धूर जळगावच्या बागायतदाराने केलेला नाही, त्याचा दोष त्याच्या माथी मी मारणार नाही. पण वाद घालता घालता मागे बांधावर जो ढीग पेटलाय तो आधी विझवा. तापमान वाढत असेल तरी पाला हवा, वाढत नसेल तरी ४४ अंश आहेतच!

वारा. पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून येणारी गरम झळ कडेच्या चार-पाच ओळी आधी घेते. लावणीच्या वेळी शेवरी किंवा गजराज गवताची कड केली असती तर आज हा प्रश्न नसता, पण ते आता बोलून उपयोग नाही. या दोन बाजूंना बांबू ठोकून सहा-सात फूट उंच हिरवी शेडनेट बांधा. नवी घ्यायला पैसे नसतील तर जुन्या साड्या, बारदान, काहीही. वारा पूर्ण अडवायचा नाही, त्याची धार मोडायची आहे. नवीन बागांमध्ये येत्या पावसाळ्यात शेवरी टाकायचीच, ही गोष्ट आत्ताच वहीत लिहून ठेवा.

बाकी कामं, थोडक्यात:

- निसवलेल्या घडांच्या दांड्यावर वाळक्या पानांची पेंडी बांधणे.
- घड उन्हाच्या बाजूला असेल तर वाळक्या पानांनी झाकणे.
- झुकलेल्या झाडांना बांबूचा टेकू किंवा पट्टीने बांधणी.
- हिरवी पानं कापू नयेत. वाळकीच कापावीत, आणि ती आतच टाकावीत.
- जास्तीची पिलं (बुंध्याशेजारी फुटलेले कोंब) जमिनीलगत कापणे.
- युरियाचा जड हप्ता कडक उन्हात नको. पालाश मातीपरीक्षणाप्रमाणे चालू.
- काढणी पहाटे, माल लगेच सावलीत.
- ड्रीपचे फिल्टर रोज धुणे.
- मजुरांची कामं सकाळी सहा ते दहा, मग थेट चारनंतर. पाणी, मीठ-साखर, डोक्याला फडकं. कुणी बरळायला लागलं, अंग तापून कोरडं पडलं तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा. घरगुती उपाय करत बसू नका.

विम्याबद्दल एक सूचना. हवामानावर आधारित फळपीक विम्यात जास्त तापमानाची भरपाई तुमच्या बागेचा पंचनामा करून ठरत नाही, महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. तेव्हा केंद्र कुठे आहे ते बघून या. एका मंडळातलं केंद्र मी झाडाच्या सावलीत पाहिलंय. तसं दिसलं तर तारखेसह फोटो काढा आणि गावाच्या सह्यांनी लेखी तक्रार द्या, मे संपल्यावर नाही, आत्ताच. वादळाचं मात्र वेगळं आहे. मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला वावधन सुटून बागाच्या बागा आडव्या होतात. वेगाच्या वाऱ्याने किंवा गारपिटीने नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, आणि कळवल्याची पोच जपून ठेवावी लागते.

पहिला दमदार पाऊस झाला की पाला थोडा सैल करा आणि बुंध्याजवळ सरकलेला असेल तर मागे ओढा. चिरलेल्या खोडांचे तुकडे उलटून बघा. काळे सोंडकिडे दिसले तर ते तुकडे बागेबाहेर काढून खड्ड्यात पुरा. बाकीचा पाला तिथेच राहू द्या, दोन पावसांत तो बसतो.